वादळाच्या हंगामातील फिलिपिन्स: थांबलेल्या बोटी, शेजाऱ्यांच्या याद्या आणि आपला प्रवास

वळचणीचा पाहुणा (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२४च्या उत्तरार्धात मी लुझोन बेटाच्या दक्षिण टोकावरील मातनोग या बंदरात दोन रात्री आणि जवळजवळ अडीच दिवस अडकून पडलो होतो. लेगास्पीहून बसने मातनोगला पोहोचावे, तेथून रो-रो फेरीने सान बेर्नार्दिनोची सामुद्रधुनी ओलांडून सामार बेटावरील आलेनला उतरावे आणि पुढे रस्त्याने ताक्लोबान गाठावे, असा माझा बेत होता. पाण्यावरचा प्रवास जेमतेम दीड तासाचा आहे. बंदराच्या बरेच अलीकडे बस थांबली ती थांबलीच, कारण पुढे मालमोटारींची रांग लागली होती आणि रांगेतले चालक गाड्यांच्या आडोशाला चुली मांडून भात शिजवत बसले होते. त्यांची ती सराईत मांडामांड पाहूनच मी ओळखायला हवे होते की आज काही आपण पलीकडे जात नाही.

जगाच्या नकाशावर ‘ट्रामी’ आणि फिलिपिन्समध्ये ‘क्रिस्टीन’ या नावाने ओळखले गेलेले ते वादळ होते. मी धक्क्यावर जाऊन पाहिले तेव्हा पाणी करड्या रंगाचे झाले होते, पण खवळलेले म्हणावे असे काही दिसत नव्हते, म्हणून मी तटरक्षक दलाच्या एका जवानाकडे बोट कधी सुटेल याची चौकशी केली. त्याने उत्तरादाखल फक्त एक बोट वर केले. एक नंबरचा संकेत लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. मला त्या वेळी त्या नियमाचा राग आला होता, हे कबूल करतो.

पहिल्या रात्री पाऊस सुरू झाला आणि वीज गेली. बसथांब्याजवळच्या लहान खानावळीत, तिला तिकडे ‘कारिंदेरिया’ म्हणतात, एक पन्नाशीच्या बाई मेणबत्तीच्या उजेडात भात, टोमॅटोच्या रसातले डबाबंद तारली मासे आणि कॉफी देत होत्या. माझ्याकडचे सुटे पेसो संपत आले होते आणि वीज नसल्यामुळे एटीएम बंद होते. त्यांनी आडव्या रेघांची एक शालेय वही काढली, त्यात काहीतरी लिहिले आणि मला हाताने ‘जेवा’ अशी खूण केली. रांगेतल्या चालकांची खाती त्या वहीत आधीपासूनच असावीत, कारण त्यांना कोणी काही विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लास्टिकचे रेनकोट घातलेल्या दोन स्त्रिया आमच्या बसमध्ये चढल्या. त्या तिथल्या बरांगायच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळ जाणाऱ्या सर्वांत लहान शासकीय घटकाच्या स्वयंसेविका होत्या. त्यांनी प्रत्येकाचे नाव, वय, सोबत कोण आहे, रोजचे औषध कोणते आणि ते किती दिवस पुरेल, हे लिहून घेतले. दोन तासांनी त्या पुन्हा आल्या, कारण यादीतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी संपणार होत्या आणि त्यांनी तेवढ्या वेळात त्या मिळवून आणल्या होत्या. गृहस्थ शेजारच्या बसमध्ये पत्ते खेळत होते. त्यांना शोधून, गोळ्या हातात ठेवून आणि यादीत खूण करूनच त्या उतरल्या.

फिलिपिन्सविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते त्यात पुराच्या पाण्यात उभे राहून हसणाऱ्या माणसांचे छायाचित्र हमखास असते आणि खाली त्यांच्या चिवटपणाचे कौतुक असते. मला त्या अडीच दिवसांत हसू फारसे दिसले नाही, मात्र वह्या आणि याद्या सतत दिसत राहिल्या. या देशाच्या हवामान विभागाच्या देखरेखीखालील सागरी क्षेत्रात वर्षाला सरासरी वीस चक्रीवादळे येतात आणि त्यांतली आठ-नऊ भूमीवर आदळतात. जून ते नोव्हेंबर हा मुख्य हंगाम असला तरी डिसेंबरही निर्धोक नाही. इतक्या वेळा जे घडते त्याच्याशी माणसे कशी जुळवून घेतात, त्यातला स्वभावाचा भाग किती आणि व्यवस्थेचा किती, आणि अशा काळात बाहेरच्या प्रवाशाने तिथे कसे वागावे, यावर येथील अनुभवी मंडळींनी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

दर्यावर्दी

पाहुणेसाहेब, तुम्हाला ज्या नियमाचा राग आला त्याच्यामागे शेकडो माणसांचे मरण आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. मी दापोलीजवळचा असून अठ्ठावीस वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी केली आणि त्यातला मोठा काळ फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काढला आहे.

२० जून २००८ रोजी ‘प्रिन्सेस ऑफ द स्टार्स’ ही प्रवासी बोट मनिलाहून सेबूकडे निघाली. ‘फेंगशेन’ वादळ, ज्याचे स्थानिक नाव ‘फ्रँक’ होते, तेव्हा देशावर आलेले होते. मनिलाला एक नंबरचा संकेत होता, पण बोट तेवीस हजार टनांहून मोठी असल्याने तत्कालीन नियमांनुसार तिला निघण्याची मुभा मिळाली. वादळाने वाट बदलली आणि दुसऱ्या दिवशी सिबुयान बेटाजवळ ती बोट उलटली. आठशेहून अधिक माणसे गेली आणि वाचलेल्यांची संख्या साठच्या आतच राहिली. त्यानंतर नियम कडक झाले. निघण्याचे ठिकाण, मार्ग किंवा पोहोचण्याचे ठिकाण यांपैकी कुठेही संकेत लागला असेल तर प्रवासी बोट अडवली जाते. तुमच्या समोरचे पाणी शांत असले तरी दीड तासानंतरचे पाणी कसे असेल याचा निर्णय त्या जवानाने धक्क्यावरून डोळ्यांनी पाहून घ्यायचा नसतो.

आपल्या कोकणातल्या बावट्यांशी या संकेतांची गल्लत करू नये, हेही सांगतो. आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असे म्हणतो तेव्हा तो मुख्यतः दर्यावरच्या माणसाला दिलेला इशारा असतो आणि त्याचे आकडे अकरापर्यंत जातात. फिलिपिन्सचा संकेत एक ते पाच असा असून तो जमिनीवरच्या प्रत्येक प्रांतासाठी, अपेक्षित वाऱ्याच्या वेगानुसार लावला जातो. एक नंबरला ताशी ३९ ते ६१ किलोमीटर वारा छत्तीस तासांच्या आत अपेक्षित असतो, तर पाच नंबरला १८५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक. पाच नंबर ही पायरी पूर्वी नव्हती. ती योलांदा वादळानंतर, २०१५ साली जोडली गेली.

योलांदा म्हणजेच ‘हैयान’. ८ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे ते पूर्व सामारमधील गिवानला धडकले आणि त्याने ताक्लोबान शहर अक्षरशः धुऊन नेले. अधिकृत मृतांचा आकडा ६,३०० असून हजाराहून अधिक माणसे बेपत्ता राहिली. माझा त्या वेळचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पूर्व सामारचा होता. आमचे जहाज तेव्हा अटलांटिकमध्ये होते आणि त्याला घरची खबर नऊ दिवसांनी मिळाली. ते नऊ दिवस तो रोजच्या वेळेला डेकवर यायचा, दोरखंड तपासायचा, रंगकाम करून घ्यायचा आणि जेवणाच्या वेळी ताटाकडे पाहत बसायचा. त्याची पत्नी आणि मुले वाचली होती, आई वाचली नव्हती. पुढे त्यानेच मला सांगितले की इशारा सर्वांनी ऐकला होता, पण इशाऱ्यातले ‘स्टॉर्म सर्ज’ हे शब्द गावात कोणाला उमगले नव्हते. वारा येणार हे लोकांना ठाऊक होते आणि वाऱ्याची त्यांना सवय होती. समुद्र पाच-सहा मीटर उंच होऊन घरात शिरेल, हे कोणाच्या कल्पनेत नव्हते. ‘त्सुनामी म्हटले असते तर आम्ही डोंगरावर पळालो असतो,’ असे ताक्लोबानमधील कित्येकांनी नंतर बोलून दाखवले. ज्या इमारतींत लोकांना आसऱ्यासाठी हलवले होते त्यांतल्याही काहींत पाणी शिरले. आपण कोकणी माणसे ज्याला उधाण म्हणतो त्याला त्यांच्या भाषेत ‘दालुयोंग’ असा शब्द आहे, आणि आता इशाऱ्यांत तो वापरला जातो. शब्द होता, तो वेळेवर वापरला गेला नाही, याची हळहळ त्या बोसनला अखेरपर्यंत होती.

कृष्णाकाठ

धागा वाचून काळजी वाटली म्हणून विचारते. माझा मुलगा दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेत आहे आणि येत्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे त्याला भेटायला जाण्याच्या विचारात आहोत. त्याच्याबरोबर सांगली-कोल्हापूरकडची आणखीही मुले आहेत. ‘आई, इकडे वादळे येत नाहीत’ असे तो म्हणतो, पण मुले आई-वडिलांना काय सांगतात ते आपण जाणतोच. तिकडे खरोखर धोका नाही का?

वळचणीचा पाहुणा

कृष्णाकाठ ताई, मुलगा बहुतांशी खरे सांगत आहे. दावाओ मिंदानाओ बेटाच्या दक्षिण भागात, विषुववृत्तापासून सातच अंशांवर आहे, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ वादळाला गरगर फिरण्यासाठी लागणारा पृथ्वीच्या परिवलनाचा रेटा फार कमी पडतो. त्यामुळे बहुतेक वादळे त्याच्या उत्तरेकडून, सामार, लुझोनच्या दक्षिणेकडचा बिकोल किंवा उरलेल्या लुझोनवरून जातात. पण ‘बहुतांशी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ४ डिसेंबर २०१२ रोजी ‘पाब्लो’ हे वादळ दावाओ ओरिएंताल प्रांतातील बागांगा येथे आदळले आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वादळाची सवयच नसलेल्या खोऱ्यांत डोंगरावरून चिखल आणि ओंडके वाहून आले. दावाओ शहर त्या वेळी बचावले होते. तुम्ही नोव्हेंबरमध्ये जरूर जा, मात्र मनिलाला विमान बदलणार असाल तर तिथे वादळामुळे उड्डाणे रद्द होऊ शकतात हे धरून मध्ये एक मोकळा दिवस ठेवा.

दर्यावर्दी, तुमच्या बोसनची हकीकत वाचून दोन दिवस काही लिहावेसे वाटले नाही. तुमच्या माहितीला माझ्या अनुभवातली एक जोड देतो. संकेताचा आकडा फक्त वाऱ्याचा असतो, तो पावसाविषयी काहीच सांगत नाही, हे मला मातनोगमध्येच कळले. क्रिस्टीन हे पूर्ण टायफूनच्या ताकदीचे वादळसुद्धा नव्हते, आणि तरीही त्याच्या पावसाने आमच्या उत्तरेला नागा शहर आणि बिकोलचा मोठा भाग पाण्याखाली घातला. सप्टेंबर २००९ मध्ये मनिलाला बुडवणारे ‘ओंदोय’ हेही वाऱ्याच्या हिशेबात किरकोळच होते, पण त्याने केसोन सिटीत चोवीस तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस पाडला. त्यामुळे पावसासाठी पिवळा, नारिंगी आणि लाल असे वेगळे इशारे आता दिले जातात. लाल म्हणजे तासाला तीस मिलिमीटरहून अधिक. मारिकिना शहरात तर लोक नदीची पातळीच पाहतात. पंधरा मीटरला पहिला भोंगा, सोळाला दुसरा आणि अठराला घर सोडायचेच. तिथल्या एका तरुणाने मला सांगितले की त्यांच्या घरी पंधराचा भोंगा झाला की आजी भांडी माळ्यावर चढवायला लागते, आणि बाकीच्यांनी हवामानाची बातमी पाहिली की नाही याची ती वाट पाहत नाही.

चुनामाती

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे माझा प्रतिसाद घरांपुरता आहे. फिलिपिन्सच्या अगदी उत्तरेला, तैवानच्या जवळ, बातानेस नावाची बेटे आहेत. वादळांच्या हमरस्त्यावरच ती वसली आहेत. तिथले इवातान लोक स्पॅनिश अमदानीपासून दगड आणि चुन्याची घरे बांधत आले आहेत. भिंती काही ठिकाणी जवळजवळ एक मीटर जाड, खिडक्या लहान, आणि ज्या दिशेने वादळी वारा मारतो त्या बाजूच्या भिंतीला बहुधा खिडकीच नाही. छप्पर कोगोन नावाच्या गवताचे, थरावर थर चढवून हातभर जाड केलेले असते. वादळाची चाहूल लागली की त्या छपरावर दोरांचे जाळे टाकतात आणि दोराची टोके जमिनीत पुरलेल्या दगडी कड्यांना बांधतात.

पाहुण्यांनी व्यवस्था आणि स्वभाव असा जो प्रश्न विचारला आहे, त्याला या छपरात एक उत्तर आहे असे मला वाटते. असे छप्पर एका कुटुंबाला शाकारता येत नाही. गवत कापणे, वाहणे, चढवणे आणि बांधणे यांसाठी वीस-तीस माणसे लागतात, म्हणून घरांचे गट असतात आणि आज माझे तर पुढच्या खेपेला तुझे अशा पाळीने काम चालते. आपल्याकडे आगोटीच्या आधी शाकारणीला वाडी जमायची, तशाच जातीचा हा प्रकार आहे. पत्रा आला आणि आपली शाकारणी गेली, तिच्याबरोबर ते जमणेही गेले. बातानेसमध्येही सिमेंटची घरे आता पुष्कळ झाली आहेत.

दगडी घर म्हणजे सर्व संकटांवरचा उपाय, असा समज मात्र करून घेऊ नये. जुलै २०१९ मध्ये त्यांतल्याच इत्बायात बेटावर भूकंप झाला तेव्हा वाऱ्याला दाद न देणाऱ्या त्याच जाड भिंती पहाटेच्या झोपेत माणसांवर कोसळल्या. वाऱ्यासाठी जड घर हवे आणि भूकंपासाठी हलके, आणि या देशाला दोन्ही एकाच वेळी सोसायचे असते. माझ्या धंद्यातला याहून अवघड प्रश्न मला माहीत नाही.

प्रश्नचिन्ह

आतापर्यंतचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी एक सूर राहून गेला आहे असे वाटते. मी सिंगापुरात अनेक फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करतो, आणि त्यांच्यासमोर ‘तुम्ही लोक किती चिवट’ असे कौतुकाने म्हटले तर ते आता चिडतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘रोली’ आणि ‘युलिसेस’ ही वादळे पाठोपाठ आली, मारिकिना नदी ओंदोयच्या वेळेपेक्षाही वर चढली, आणि तेव्हापासून ‘चिवटपणाचे कौतुक पुरे, जाब द्या’ असा सूर तिथे उघडपणे लावला जाऊ लागला. वरचेवर बुडणाऱ्या माणसाला पोहता येते म्हणून शाबासकी द्यायची आणि बंधाऱ्याचे पैसे कुठे गेले हे विचारायचे नाही, यात त्यांना अपमान वाटतो.

२०२५ मध्ये हा राग रस्त्यावर आला. पूरनियंत्रणाच्या कामांतील भ्रष्टाचाराची प्रकरणे बाहेर पडली, कागदावर पूर्ण झालेली काही कामे जागेवर नव्हतीच असे आढळले, आणि २१ सप्टेंबरला मनिलामध्ये फार मोठी निदर्शने झाली. त्यानंतर दीड महिनाही झाला नसेल, तोच नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘तिनो’ वादळाने सेबूमध्ये पूर आणला आणि शंभरहून अधिक माणसे गेली. त्याच सेबूच्या उत्तर भागात ३० सप्टेंबरला ६.९ तीव्रतेचा भूकंप होऊन गेला होता. माझी एक सहकारी सेबूची आहे. तिच्या भावाच्या घरात पाणी छतापर्यंत गेले आणि ते सर्व जण पत्र्यावर बसून राहिले. तिला आम्ही कार्यालयात ‘तुमचे लोक किती धीराचे’ असे म्हणालो, तेव्हा ती म्हणाली की पत्र्यावर चढण्यावाचून दुसरी जागाच नव्हती, यात धीर कसला.

पाहुण्यांना विचारावेसे वाटते की बरांगायच्या त्या दोघींनी गोळ्या आणल्या हे खरेच फार चांगले झाले, पण त्या बंदरात इतक्या वर्षांत इतक्या वेळा माणसे अडकत असताना झोपायला एक कोरडी शेड का नव्हती?

पाणलोट

प्रश्नचिन्ह यांचा राग रास्त आहे. पण व्यवस्था आणि शेजार यांना एकमेकांविरुद्ध उभे केले की एक महत्त्वाची गोष्ट निसटते, म्हणून एका लहान बेटाविषयी लिहितो. मी ग्रामविकासाच्या कामात आहे आणि आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण वापरतो.

सेबूच्या पूर्वेला कामोतेस बेटे आहेत. तिथल्या सान फ्रान्सिस्को नगरपालिकेने २००४ पासून ‘पुरोक’ ही जुनी पद्धत नव्याने बांधली. पुरोक म्हणजे बरांगायच्याही आतला, काही डझन घरांचा शेजार, आपली वाडी किंवा आळी म्हणा. प्रत्येक पुरोकची स्वतःची निवडलेली समिती असते, सदस्य थोडी थोडी वर्गणी काढून अडीअडचणीसाठी निधी ठेवतात, आणि कचरा, भाजीपाला, आरोग्य अशी रोजची कामे त्याच समितीमार्फत चालतात. आपत्ती हा तिच्या कामांतला एक विषय असतो. माझ्या मते या पद्धतीचे मर्म इथेच आहे. वर्षातून एकदा वादळासाठी जागी होणारी समिती वादळात चालत नाही. दर आठवड्याला कचऱ्यावरून भांडणारी समिती चालते, कारण कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे आणि कोणाची होडी भोक पडून पडली आहे, हे तिला आधीच माहीत असते. या कामासाठी त्या नगरपालिकेला २०११ साली संयुक्त राष्ट्रांचा सासाकावा पुरस्कार मिळाला.

खरी परीक्षा दोन वर्षांनी झाली. सान फ्रान्सिस्कोच्या हद्दीत तुलांग दियोत नावाचे एक चिमुकले, सपाट बेट आहे आणि त्यावर तेव्हा सुमारे हजार माणसे राहत होती. योलांदा येणार हे कळल्यावर पुरोकांनी आदल्या दिवशीच सर्वांना होड्यांतून मोठ्या बेटावर नेले. वादळाने त्या बेटावरील सुमारे पाचशे घरांपैकी एकही उभे ठेवले नाही. माणूस एकही दगावला नाही.

या शेजाराच्या पाठीशी कायदाही आहे. फिलिपिन्समध्ये २०१० च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला आपल्या महसुलाचा किमान पाच टक्के भाग या कामासाठी राखावा लागतो, त्यातील तीस टक्के तातडीच्या मदतीसाठी असतो आणि उरलेला पूर्वतयारीसाठी वापरायचा असतो. प्रश्नचिन्ह, ज्या श्रीमंत नगरपालिकेचा महसूल मोठा तिचे पाच टक्के मोठे, आणि जिथे वादळे सर्वाधिक आदळतात त्या गरीब प्रांतांचे पाच टक्के अगदी क्षुल्लक. तुमच्या कोरड्या शेडचे उत्तर बहुधा इथे सापडेल.

दोन पिशव्या

धाग्याच्या शीर्षकातला ‘आपला प्रवास’ हा भाग मागे पडला आहे, म्हणून तीन खेपांच्या अनुभवावरून लिहिते. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये चौदा दिवस व्हिसाशिवाय राहता येते आणि त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पण ही मुदत वाढवून मिळत नाही. चौदा दिवसांचा बेत चौदाही दिवस भरून केला आणि तेराव्या दिवशी एखाद्या लहान बेटावर बोटी थांबल्या, तर पंचाईत होते. वादळाच्या हंगामात दहा दिवसांचाच बेत करावा आणि परतीच्या विमानाच्या निदान दोन दिवस आधी मोठ्या विमानतळाच्या बेटावर यावे, असे मी प्रत्येकाला सांगते. प्रवासविमा वादळाला नाव पडण्याआधी घेतलेला असावा, कारण नंतर घेतलेल्या विम्यात त्या वादळाचे नुकसान सहसा धरत नाहीत.

नावाचा घोळही समजून घ्यावा. एकाच वादळाला जगभर एक नाव आणि तिथे दुसरे नाव असते, त्यामुळे आपल्या भ्रमणध्वनीवरचे हवामानाचे ॲप ‘ट्रामी’ म्हणत होते आणि हॉटेलातले लोक ‘क्रिस्टीन’ म्हणत होते, तेव्हा आमच्या गटातल्या एका काकांना दोन वादळे येत आहेत असे वाटून घाम फुटला होता. त्यांच्या हवामान संस्थेचे लघुनाम ‘पागासा’ आहे आणि तागालोग भाषेत ‘पाग-आसा’ म्हणजे आशा. संकट येत असले की संस्थेची पत्रके दर काही तासांनी निघतात आणि तीच पाहावीत. वादळाला तिकडे ‘बाग्यो’ म्हणतात. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे एक थंड हवेचे शहर उत्तरेला आहे, तेव्हा ‘बाग्योला चाललो’ असे कोणी म्हटले तर दचकू नये.

१६ डिसेंबर २०२१ रोजी ‘ओदेत’ वादळ, ज्याचे जगभरातले नाव ‘राय’ होते, सियार्गाव बेटावर आदळले तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. मात्र तेव्हा सियार्गाववर असलेल्या एका युरोपीय जोडप्याशी पुढे आमची भेट झाली. त्यांचे म्हणणे असे की वादळानंतरचे पहिले चार दिवस वादळापेक्षा अवघड गेले. वीज नाही, दूरध्वनी नाही, रोकड असेल त्यालाच पाणी, आणि ज्या घरमालकिणीचे स्वतःचे छप्पर उडाले होते ती रोज सकाळी यांना आधी भात वाढायची. पाहुण्याला उपाशी ठेवायचे नाही हा तिकडचा दंडक आहे, आणि आपण मुद्दाम जाऊन त्या दंडकाचा भार वाढवू नये. वादळ येते आहे हे कळल्यावर दोन दिवस आधी बेट सोडता येत असेल तर सोडावे. नंतर मदत करायला म्हणून लगेच जाऊ नये, कारण बोटीतली आपली जागा, आपले पाणी आणि आपली खोली त्या आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी हवी असते. त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी, हॉटेले उघडली की जावे आणि पैसे खर्च करावेत.

दर्यावर्दी

दोन पिशव्या ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे. एक राहिलेला मुद्दा मांडतो. वादळानंतर घरे पुन्हा उभी राहतात ती बरीचशी परदेशातून आलेल्या पैशांवर. आमच्या जहाजावर वादळाची बातमी आली की फिलिपिनो खलाशी मेसमध्ये जमायचे आणि ज्याच्या प्रांतात वादळ गेले असेल त्याच्यासाठी त्या महिन्याच्या पगारातून वर्गणी काढायचे. तिथेही यादी असायची, आणि ती मेसच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असे. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळाने आमच्या दापोलीची सुपारीची बाग आडवी केली, तेव्हा त्या फळ्यावर माझे नाव लिहिले गेले होते. मी नको म्हणालो, तर कुकने मला विचारले, ‘चीफ, तुमच्या गावात एक नंबर होता की तीन?’ आपल्याकडे असा आकडा गावाला लावत नाहीत, हे त्याला समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. नोव्हेंबरऐवजी फेब्रुवारीची तिकिटे काढली आहेत. मुलाला पुरोकविषयी विचारले तर तो म्हणाला की त्यांच्या वसतिगृहाच्या गल्लीतही पुरोकचा फलक आहे, पण त्यावर काय लिहिले आहे ते त्याने आजवर वाचले नव्हते. आता वाचून कळवणार आहे.

पाहुणे, एक विचारायचे राहिले. त्या खानावळीच्या वहीतली उधारी फेडली का?

वळचणीचा पाहुणा

ताई, हा प्रश्न कोणीतरी विचारणार याची धास्ती होतीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी संकेत उतरला आणि बोटी सोडण्याची घोषणा झाली, तेव्हा एटीएम बंदच होते. माझे ३४० पेसो झाले होते. पलीकडे आलेनला उतरल्यावर पैसे मिळाले, पण मी सामुद्रधुनीच्या दुसऱ्या बाजूला होतो. धक्क्यावर उत्तरेकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग लागलेली होती. तिथल्या एका चालकाला मी बाईंचे आणि खानावळीचे वर्णन करू लागलो, तर दुसऱ्याच वाक्याला त्याने मला थांबवले, कारण त्याचेही खाते त्याच वहीत होते. मी त्याच्याकडे ४०० पेसो दिले.

दोन दिवसांनी ताक्लोबानमध्ये असताना त्याने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. ज्यांची नावे ठाऊक नव्हती त्यांच्यासाठी बाईंनी खुणा लिहिल्या होत्या, त्यामुळे माझ्या ओळीत ‘इंडियन, चष्मा’ असे होते आणि माझ्या वरच्या ओळीत ‘निळी टोपी, दोन मुले’. माझी ओळ खोडलेली होती. तिच्यासमोर साठ पेसो जमा दाखवून, त्यातून भ्रमणध्वनी जनित्रावर चार्ज केल्याचे वीस पेसो, जे मी साफ विसरलो होतो, वजा केलेले होते, आणि उरलेले चाळीस पेसो ‘निळी टोपी’च्या ओळीत वळते केलेले दिसत होते.